ट्रॅक्टरवरची थंडी



थंडीचा कडाका वाढला की सगळीकडे पिकांची आणि जनावरांची काळजी सुरू होते. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवा, पहाटे पाणी सोडा, वासरांच्या अंगावर गोणपाट टाका, असे सल्ले मिळतात. ते बरोबरच आहेत. पण त्याच पहाटे उघड्या ट्रॅक्टरवर बसून जो माणूस फवारणी करतो, किंवा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याची वाट धरतो, त्याच्या अंगावर काय आहे, हे फारसं कुणी विचारत नाही. आज त्याच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी निफाड तालुक्यातला शेतकरी. तीस वर्षं ट्रॅक्टर चालवतो आहे. आमच्याकडची थंडी तुम्ही बातम्यांत ऐकता. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो आकडा राज्यभर होतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस हा पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. पण श्रोतेहो, हा आकडा स्थिर हवेचा. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाची थंडी त्याहून वेगळी असते.

आपल्या अंगाभोवती आपल्याच उबेनं तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सतत पळवून नेतो, आणि शरीराला पुन्हा पुन्हा नवी हवा तापवावी लागते. वाऱ्यामुळे किती थंडी भासते, हे काढायचं सूत्र अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ पासून वापरात आणलं. त्या हिशेबानं बाहेर ८ अंश तापमान असेल आणि ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरनं चालला असेल, तर उघड्या चेहऱ्याला ती थंडी ४ अंशांसारखी लागते. बाहेर ५ अंश असतील, तर जवळपास शून्यासारखी. समोरून वारा असेल तर त्याहून जास्त. ऊस वाहणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवानं ठाऊक असते, की भरल्या खेपेपेक्षा रिकाम्या खेपेला जास्त गारठायला होतं. कारण उघड आहे. येताना वेग जास्त असतो आणि इंजिनावर ओझं नसल्यामुळे त्याची धगही कमी असते.

म्हणून पहिला नियम हा, की कपडे किती घातले यापेक्षा वारा अडला का, हे बघायचं. नुसता लोकरीचा स्वेटर घातला तर वारा विणीतून आरपार जातो. त्याच स्वेटरवर पावसाळ्यातला रेनकोट चढवा, फरक लगेच कळेल. रेनकोट वारा अडवतो आणि स्वेटर ऊब धरून ठेवतो. छातीवर, स्वेटरच्या आत, वर्तमानपत्राच्या दोन-चार घड्या ठेवायची जुनी युक्ती आहे. ती खरोखर उपयोगी पडते, कारण कागदांच्या मध्ये हवा अडकून राहते. मात्र ट्रॉली भरायला हात लावायचा असेल, तर रेनकोट आधी काढून ठेवा. घामानं सुती बनियन ओला झाला, की पुढे तोच अंगावर बर्फासारखा बसतो. कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लागेपर्यंत रात्र काढायची असते, तेव्हा एक कोरडा बनियन पिशवीत असू द्या.

दुसरी गोष्ट हातापायांची. थंडी वाढली की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी बोटांकडे जाणारं रक्त कमी करतं. बोटं बधिर होतात. आता ब्रेक आणि क्लच कशानं दाबायचे? त्याच बधिर पायानं. आपल्याकडे निम्म्याहून अधिक ड्रायव्हर भर थंडीत चपलेवर ट्रॅक्टर चालवताना मला दिसतात. लोकरीचे मोजे आणि बूट हवेतच. बूट एक नंबर मोठा घ्या, कारण मोजे घालून बूट आवळला तर रक्त आणखी अडतं आणि पाय जास्त गार पडतो. हातमोजे बोटांना नीट बसणारे असावेत, म्हणजे लिव्हर नीट पकडता येतो. फवारणी करताना रबरी मोज्यांच्या आत पातळ सुती मोजे घाला. लोखंडी सीटवर गोणपाटाची घडी किंवा घोंगडीचा तुकडा टाकला, की खालून येणारा गारवा थांबतो.

तिसरी गोष्ट इंजिनाच्या उबेची. रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे, ड्रायव्हरकडे फेकतो. उन्हाळ्यात आपण तिला शिव्या घालतो, हिवाळ्यात तीच आपली शेगडी. पूर्वी अमेरिका-कॅनडातले शेतकरी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासचे पडदे लावून ही हवा थेट सीटपर्यंत आणत. आपल्यालाही जाड ताडपत्रीचे असे पडदे शिवून घेता येतात. फक्त तीन पथ्यं पाळायची. पडदा सायलेन्सरला लागता कामा नये, पंख्याजवळ जाता कामा नये आणि रेडिएटरचं तोंड झाकता कामा नये. तापमानाच्या काट्यावर नजर असू द्या. आणि ऊब मिळावी म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. थंडी वाजते म्हणून आपण अंगावर शाल घेतो, गळ्यात मफलर टाकतो, घोंगडी पांघरतो. घरात, ओट्यावर, शेकोटीपाशी हे ठीक. ट्रॅक्टरवर नाही. ब्लोअर चालवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. मफलरचं टोक त्यात अडकलं, तर 'अरे' म्हणेपर्यंत नऊ वेढे बसलेले असतात. आमच्या शिवारात एक तरुण ड्रायव्हर नोझल तुंबला म्हणून खाली उतरला. पीटीओ चालूच होता. वाकला आणि मफलर खेचला गेला. मफलर जुना, विरलेला होता, म्हणून फाटला. पोरगा वाचला, गळ्यावर वळ राहिला. नवा मफलर असता तर काय झालं असतं, हे त्याच्या आईला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून लोंबणारं काहीही नको. मफलरऐवजी माकडटोपी किंवा कानटोपी घाला. शालीऐवजी चेन असलेलं जर्किन. घोंगडी आवडत असेल तर तिची बंडी शिवून घ्या. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. आणि खाली उतरण्याआधी पीटीओ बंद. शाफ्टवरचं संरक्षक कव्हर तुटलं असेल तर बदलून घ्या.

खाण्यापिण्याचं थोडं सांगतो. भोगीला आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खातो, संक्रांतीला तीळगूळ वाटतो. थंडीत शरीराला जास्त इंधन लागतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा. पाणी पीत राहा. थंडीत लघवीला वारंवार लागते म्हणून अनेक जण पाणीच पीत नाहीत, ते बरं नव्हे. दारूनं मात्र ऊब येत नाही. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून गरम वाटतं, पण आतली ऊब उलट बाहेर निघून जाते. सोबतीच्या माणसाचं बोलणं अडखळू लागलं, हातातून वस्तू पडू लागल्या, तर ट्रॅक्टर थांबवा. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे बदला, गरम काही प्यायला द्या, आणि लवकर सावरला नाही तर दवाखाना गाठा.

शेवटी ट्रॅक्टरमालकांना एक विनंती. मीही मालकच आहे, म्हणून हक्कानं सांगतो. दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, वेळेवर ऑइल बदलतो. ड्रायव्हरसाठी एक जर्किन, कानटोपी, हातमोजे आणि बूट हे सगळं टाकीभर डिझेलच्या पैशांत येतं. ते उचल म्हणून देऊ नका, पगारातून कापू नका. हंगाम सुरू होताना ट्रॅक्टरच्या खर्चातच ते धरा. रात्रीच्या खेपेला दोन ट्रॉल्या त्याच्या भरवशावर रस्त्यावर असतात, आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलवर कुणाचं तरी लेकरू असतं. त्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर वेळेवर पडायला हवा.