बुडालेल्या मजुरीचा हिशेब

मानसिक आजारावरील उपचाराची खरी किंमत कोणती? डॉक्टरांची फी आणि औषधे एवढ्यावर हिशेब संपत नाही. जिल्ह्याच्या गावी जाण्याचे एसटीचे भाडे, रुग्णाची आणि सोबत्याची बुडालेली मजुरी हीही त्यात धरली पाहिजे. हा भार महिनोन्‌महिने झेपत नाही; औषध मध्येच सुटते आणि आजार उलटतो. मोफत औषधही गरिबाला असे महाग पडते.

१९८०च्या दशकात कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात ‘निम्हान्स’च्या मनोविकारतज्ज्ञांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना शिकवून उपचार गावाजवळ नेले. त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ७० टक्क्यांहून अधिक मनोरुग्ण उपचारांवाचून आढळले. २०१७च्या कायद्याने परवडणारे, जवळचे उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला.

हक्क कागदावरून उतरवायचा तर आपली मागणी नेमकी हवी : तालुक्याच्या रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ, आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्रात खंड न पडता औषध. बाजारासाठी माणूस येतोच. त्या दिवशी उपचारापायी वेगळी मजुरी बुडत नाही.