वृद्धाश्रमातील औषधांचे कपाट



वृद्धाश्रमास भेट देणारे पाहुणे स्वयंपाकघर पाहतात, बागेचे कौतुक करतात. औषधांचे कपाट मात्र सहसा कोणी उघडून पाहत नाही. वास्तविक तेथील रहिवाशांचे आयुष्य अन्नाइतकेच त्या कपाटावर अवलंबून असते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या नागरिकांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय अधिनियमात जिल्ह्यास किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम उभारण्याची तरतूद आहे. एवढी माणसे एका छताखाली आली की त्यांची औषधेही एकत्र येतात, आणि तेथेच खरा धोका सुरू होतो.

घरी एका आजोबांची एक पिशवी असते. आश्रमात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, संधिवात यांवरील गोळ्या एकाच फळीवर येतात. रंग सारखा, आकार सारखा आणि घेणाऱ्याची दृष्टी अधू. मधुमेहाची गोळी मधुमेह नसलेल्या वृद्धेस दिली गेल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून ती बेशुद्ध पडू शकते. संधिवातावरील मेथोट्रेक्झेट ही गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज दिल्यास प्राणावर बेतते. म्हणून पहिला नियम असा की, प्रत्येक रहिवाशाचा डबा स्वतंत्र असावा. त्यावर नाव, खोली क्रमांक, औषध व वेळ ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. गोळ्यांची पट्टी कापताना औषधाचे नाव व मुदतीची तारीख लिहिलेला भाग फेकून देऊ नये.

दुसरा नियम किल्लीचा. कपाटास कुलूप असावे आणि प्रत्येक पाळीत किल्ली एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे असावी. झोपेच्या व तीव्र वेदनाशामक औषधांसाठी वेगळा कुलूपबंद कप्पा करावा. पाळी बदलताना दोघांनी मिळून गोळ्या मोजाव्यात व नोंदवहीत सह्या कराव्यात. मात्र कुलपाचा अतिरेकही घातक ठरतो. छातीत कळ येताच जिभेखाली ठेवावयाची गोळी, किंवा दम्याचा फवारा, मध्यरात्री किल्ली शोधण्यात अडकता कामा नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने अशी औषधे त्या रहिवाशाच्या हाताशीच ठेवावीत.

तिसरा शत्रू उष्णता. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अनेक औषधांच्या वेष्टनावर ती ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवण्याची सूचना असते. पत्र्याखालची खोली, चुलीजवळची फळी व न्हाणीघरातील कोनाडा या जागा औषधांसाठी वर्ज्य समजाव्यात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे. ते बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. वीज खंडित होणाऱ्या गावी वापरातील कुपी कोरड्या डबीत बंद करून ओल्या माठात ठेवता येते. कपाटात व शीतकपाटात एकेक तापमापक असावा आणि त्याची नोंद रोज व्हावी.

चौथी बाब दानशूरांशी संबंधित आहे. घरात उरलेली औषधे आश्रमास देण्यामागील भावना चांगली असते; पण रुग्णास एकदा दिली गेलेली औषधे दानात घेऊ नयेत, हे तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत मांडले आहे. ती कशी ठेवली गेली होती, हे कोणीच सांगू शकत नाही. दात्यांनी त्याऐवजी डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार नवी औषधे घेण्यास निधी द्यावा. दिवंगत रहिवाशाची औषधेही दुसऱ्यास देऊ नयेत. मुदत संपलेली औषधे उकिरड्यावर न टाकता, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार अधिकृत यंत्रणेकडे सोपवावीत.

या कामास मोठा खर्च लागत नाही. एक कुलूप, दोन तापमापक, एक नोंदवही आणि एक जबाबदार व्यक्ती एवढे पुरेसे आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील आश्रमास भेट देताना कपाट उघडण्याची विनंती करावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून डब्यांसाठी ठळक नामपट्ट्या करून घ्याव्यात. अधिकाऱ्यांनी तपासणीत नोंदवही मागावी. ज्यांनी आयुष्यभर इतरांना सांभाळले, त्यांची गोळी योग्य हाती व योग्य वेळी पडावी, एवढी दक्षता त्यांच्या उतारवयात समाजाने घेतलीच पाहिजे.