दोन पानांचा निबंध व उल्लेखांची मोजदाद

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव-समितीनें मला विद्येविषयीं चार शब्द बोलावयास सांगितलें, तेव्हां आपल्यांतीलच एका घरची गोष्ट माझ्या मनांत आली. त्या घरचा मुलगा रोगप्रतिकारशास्त्रांत संशोधन करतो. शरीर रोगजंतूंशीं कसें झगडतें, याचा शोध करणारें हें शास्त्र होय. गेल्या नाताळांत तो घरीं आला असतां ओटीवर बसलेल्या पाहुण्यांपैकीं एकानें त्यास विचारलें, "तुझे निबंध किती छापले गेले, आणि त्यांचे उल्लेख किती झाले?" मुलगा म्हणाला, "निबंध तीन, उल्लेख अकरा." पाहुण्याच्या मुलाचे उल्लेख चारशेंच्या वर गेले होते, हें आम्हांस लगेच कळविण्यांत आलें. त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मात्र त्या मुलाच्या वडिलांनीं उठून चहाचे पेले आंत नेले, व ते बराच वेळ बाहेर आले नाहींत. मी तेथें होतों. त्या अकरा आंकड्याविषयींच मला आज बोलावयाचें आहे.

उल्लेख म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. शास्त्रज्ञ निबंध लिहितो, तेव्हां पूर्वीच्या ज्या लेखांचा त्यानें आधार घेतला त्यांची यादी तो शेवटीं देतो. अशा याद्यांत एखादा लेख जितक्या वेळां येईल, तितके त्या लेखाचे उल्लेख. हे सारे उल्लेख गोळा करून त्यांची सूचि करावी, ही कल्पना अमेरिकेंतील युजीन गारफील्ड या गृहस्थानें १९५५ सालीं 'सायन्स' नांवाच्या प्रख्यात साप्ताहिकांत मांडली, आणि पुढें १९६४ च्या सुमारास ती सूचि फिलाडेल्फिया येथून प्रसिद्ध होऊं लागली. ही युक्ति त्यास वकिलांच्या एका जुन्या सूचीवरून सुचली होती. अमुक निवाडा पुढें कोणत्या निवाड्यांत आधारास घेतला गेला, हें वकिलास जसें एका ठिकाणीं पाहतां येई, तसें शास्त्रज्ञासही पाहतां यावें, एवढाच मूळ हेतु. हेतु उत्तम होता, व त्या कामीं ती सूचि आजही उपयोगी पडते, हें मी मोकळ्या मनानें कबूल करतों. घोटाळा झाला तो पुढें, माणसाची योग्यता तोलण्याचा तराजू म्हणून ती वापरण्यांत येऊं लागली तेव्हां.

आतां योगायोग पाहा. मोजदादीची कल्पना ज्या साप्ताहिकानें छापली, त्याच साप्ताहिकाकडे त्याच सुमारास दुसरा एक निबंध गेला, आणि तो परत आला. त्याची हकीकत सांगतों. ती कोंबड्यांची हकीकत असल्यामुळें आमच्या भगिनींस ती माझ्यापेक्षां लवकर उमजेल.

कोवळी कोंबडी साफ करतांना शेपटीच्या बुडाशीं आंतल्या अंगास एक लहानशी गोल पिशवी हातास लागते. पक्षी वयांत आला कीं ती आकसून जाते. इटलींतील पादुआच्या विद्यापीठांत शिकविणाऱ्या फॅब्रिशियस नांवाच्या पंडितानें तिचें वर्णन केलें. तें त्याच्या मृत्यूनंतर १६२१ सालीं छापलें गेलें. कोंबडी या पिशवींत नराचें वीर्य सांठवून ठेवते, असा त्याचा तर्क होता. पण ती पिशवी कोंबड्यासही असते! तर्क खोटा ठरला, नांव तेवढें राहिलें, आणि पिशवीचें खरें कार्य पुढें तीनशें वर्षें कोणास कळलें नाहीं.

१९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या विद्यापीठांत ब्रूस ग्लिक नांवाचा विद्यार्थी कुक्कुटशास्त्राचा अभ्यास करीत होता. एका राजहंसाचें विच्छेदन चाललें असतां त्यानें गुरुजींस विचारलें कीं, ही पिशवी कशासाठीं? प्रश्न चांगला आहे, तूंच शोधून काढ, असें उत्तर मिळालें. अशा उत्तरानें पुष्कळ विद्यार्थी गप्प बसतात; हा बसला नाहीं. त्यानें लहान पिलांची ती पिशवी काढून टाकली व वाट पाहिली. पिलें इतरांसारखींच वाढलीं. त्यांच्यांत कांहीं उणें दिसेना.

पुढें टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायास वर्गापुढें एक नेहमींचा प्रयोग करून दाखवावयाचा होता. पक्ष्यास विशिष्ट जंतु टोचले म्हणजे कांहीं दिवसांनीं त्याच्या रक्तांत त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. मग त्याचें रक्तजल त्या जंतूंत मिसळलें कीं जंतूंचे पुंजके बांधले जातात, व ते नुसत्या डोळ्यांस दिसतात. चँगला पक्षी हवे होते, आणि ग्लिकपाशीं ते होते. प्रयोग फसला, पुंजके झालेच नाहींत. एखादा शिक्षक ओशाळून दुसरे पक्षी आणावयास धांवला असता. या दोघांनीं मात्र तो कोणत्या पक्ष्यांत फसला हें तपासलें. ज्यांची पिशवी काढलेली होती, त्यांच्यांत!

त्यांनीं अधिक पक्ष्यांवर प्रयोग करून खात्री करून घेतली, आणि जॉर्ज जाप यांच्यासह निबंध लिहून 'सायन्स'कडे पाठविला. तो नाकारला गेला. शेवटीं १९५६ सालीं 'पोल्ट्री सायन्स' या कोंबड्या पाळणाऱ्यांच्या पत्रिकेंत तो छापला गेला. पानें किती? दोन.

मुलांचे डॉक्टर कोंबड्यांची पत्रिका कशास चाळतील? पक्ष्यांवर काम करणाऱ्या थोड्या लोकांनीं तो निबंध वाचला, व पुढें चालविलाही. पण वैद्यकाच्या मोठ्या दरबारांत त्याची दाद लागण्यास जवळजवळ दहा वर्षें लागलीं. मध्यंतरीं १९६१ सालीं लंडनमध्यें जॅक मिलर यांनीं दाखवून दिलें कीं, नवजात उंदरांच्या छातींतील थायमस ग्रंथि काढली तर त्यांची प्रतिकारशक्ति खचते. मग १९६५ मध्यें मिनेसोटा येथील मॅक्स कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोंबड्यांवरच सिद्ध केलें कीं, शरीराच्या रक्षणास एक नव्हे तर दोन सैन्यें आहेत: एक थायमसमध्यें तयार होणारें, दुसरें त्या पिशवींत. प्रतिपिंड बनविणें हें दुसऱ्याचें काम. यामुळें एक जुनें कोडें सुटूं लागलें. १९५२ सालीं ऑग्डेन ब्रूटन या डॉक्टरांनीं आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. त्यास वारंवार गंभीर आजार होत, आणि त्याच्या रक्तांत प्रतिपिंडांचा अंशच जवळजवळ नव्हता. असें मूल आणि ओहायोचें पिलूं, दोघांची उणीव एकच होती. १९६९ पासून त्या दोन सैन्यांस 'टी' व 'बी' हीं अक्षरें मिळालीं. 'बी' म्हणजे बर्सा, अर्थात् फॅब्रिशियसची ती पिशवी.

आतां तराजूकडे वळूं. १९७५ पासून नियतकालिकांचा 'इंपॅक्ट फॅक्टर' दरसाल जाहीर होऊं लागला. त्यांत मागील दोन वर्षांतील लेखांचे चालू वर्षीं झालेले उल्लेख तेवढे धरतात. या हिशेबानें १९५६ च्या निबंधाची खिडकी १९५८ सालींच बंद झाली असती. जग जागें झालें १९६५ मध्यें. २००५ सालीं जॉर्ज हर्श या पदार्थवैज्ञानिकानें माणसासाठींही एक अंक काढला: ज्याच्या दहा निबंधांस प्रत्येकीं निदान दहा उल्लेख मिळाले, त्याचा अंक दहा. एकाच निबंधास हजार उल्लेख मिळोत, त्या एकट्याच्या बळावर अंक एकाच्या वर जात नाहीं. दोन पानांत शास्त्राची दिशा बदलणाऱ्यास हा तराजू काय देणार?

पण मला याहून विलक्षण वाटते ती दुसऱ्या टोंकाची गोष्ट. जी गोष्ट सर्वांनाच ठाऊक झाली, तिचा उल्लेख करावयाचें कोणास सुचत नाहीं. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें हें फार पूर्वीं ध्यानांत आणून दिलें आहे. पाण्याचें सूत्र लिहितांना कोणी आधार देतो काय? तसेंच 'बी' पेशींचें. त्यांच्यावर नेमका घाव घालणारें औषध १९९७ पासून कर्करोगावर दिलें जात आहे, आणि तें आपल्या मुंबईच्या रुग्णालयांतही देतात. पण तें टोचणाऱ्या परिचारिकेस कोंबडीची पिशवी कशी आठवावी? मीं आपल्या गांवच्या एका कॉलेजांतील मुलीस विचारलें कीं, 'बी' म्हणजे काय? ती म्हणाली, "बोन मॅरो." माणसाच्या शरीरांत ती पिशवी नाहीं, आणि 'बी' पेशी अस्थिमज्जेंत तयार होतात, त्या शब्दाचेंही आद्याक्षर तेंच निघालें! म्हणजे उल्लेख तर गेलाच, अक्षराची व्युत्पत्तिही गेली. ज्यांच्या घरीं कोंबड्यांचा धंदा आहे त्यांच्या तोंडीं मात्र ती पिशवी अजून आहे, कारण ते पिलांस गुंबोरोची लस देतात. तो रोग याच पिशवीचा नाश करतो, व मग पिलें दुसऱ्या रोगांस सहज बळी पडतात. ग्लिकनें जें कात्रीनें केलें, तें तो रोग आपल्या खुराड्यांत करतो.

ग्लिक जन्मभर कोंबड्यांतच रमला; मिसिसिपी व क्लेम्सन येथील विद्यापीठांत शिकवून २००९ सालीं तो वारला. कूपर व मिलर यांस २०१९ मध्यें लास्कर पारितोषिक मिळालें, आणि तें यथायोग्यच होतें.

आपल्याकडे २०१० च्या नियमांनीं प्राध्यापकांच्या बढतीस छापील निबंधांचे गुण लावले; त्यापायीं पैसे घेऊन वाटेल तें छापणाऱ्या पत्रिकांचें पीक कसें आलें, हें येथें बसलेल्या शिक्षकवर्गास मीं सांगावयास नको. परंतु मोजूंच नका, असें माझें म्हणणें नाहीं. उल्लेख कोणाचा व कशासाठीं झाला, तें उघडून पाहावें, एवढेंच मागणें आहे.

म्हणून मीं त्या मुलास मागाहून एकटें गांठून विचारलें, "तुझे ते अकरा कोण?" तो प्रथम लाजला. मग त्यानें सांगितलें कीं, चार त्याच्याच प्रयोगशाळेंतील सोबत्यांचे. पांच नुसते यादीच्या गर्दींत आलेले. आणि राहिलेले दोन परदेशांतील अनोळखी माणसांचे. त्या दोघांनीं त्याचा प्रयोग आपापल्या ठिकाणीं पुन्हां करून पाहिला होता, आणि तो बरोबर निघाला होता.

हें त्यानें घरीं सांगितलें होतें कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं. त्याचे वडील आज या मंडपांत आहेत, म्हणून मीं सांगितलें. बाहेर बँडवाले खोळंबले आहेत. मी आपली रजा घेतों.