पिसाचा गळ



जन्मभर मी मुलांना शिकवीत आलों. आज मात्र उतारवयांत मी स्वतः जें शिकलों, तें आपणांस सांगणार आहें. विषय लहानसा आहे: माशांना भुलविणारा पिसाचा गळ नवशिक्यानें कसा बांधावा.

निवृत्तीनंतर मी रेवदंड्याच्या खाडीकांठीं संध्याकाळीं गळ घेऊन बसूं लागलों. तेथें कुंडलिका समुद्राला मिळते. पैलतीरीं कोर्लईचा किल्ला उभा आहे. भरतीबरोबर कोळंबी व बारीक मासळी खाडींत शिरते आणि तिच्या मागावर जिताडा व तांबोशी येतात. खऱ्या आमिषाऐवजीं पिसाची नक्कल त्यांच्यापुढें खेळवावयाची, हा या गळाचा हेतु. इंग्रजींत त्याला ‘जिग’ म्हणतात. त्याच्या मुडपलेल्या मानेवर शिशाचें डोकें ओतलेलें असतें, म्हणून तो लवकर तळाशीं जातो. दोरी ओवण्याचें नेढें डोक्याच्या वरच्या अंगास असतें. त्यामुळें गळाचें टोंक वर राहतें व खडकांत कमी अडकतें.

परदेशांत यासाठीं ‘मॅराबू’ नांवाचें पीस वापरतात. मॅराबू हा आफ्रिकेंतील एक मोठा करकोचा. परंतु आज त्या नांवानें विकलें जाणारें पीस बहुधा टर्की पक्ष्याचें असतें. आपणांस पांढऱ्या कोंबडीच्या अंगालगतचें मऊ पीस पुरतें. तें साबणाच्या पाण्यानें धुवून सांवलींत वाळवावें. बगळ्याच्या पिसाचा मोह मात्र धरूं नये. १९७२ च्या कायद्यानें वन्य पक्ष्यांना अभय दिलें आहे.

आतां कृति. गळाचा वांक लहान शेगड्यांत घट्ट धरावा. शिशाच्या डोक्यामागें शिवणाच्या बारीक धाग्याचे दहाबारा वेढे जवळजवळ घ्यावेत. पीस ओलें करावें, म्हणजे तंतु एकत्र येतात. शेपटी गळाच्या दांडीच्या सुमारें दीडपट ठेवावी. पीस चिमटींत धरूनच पहिले दोन वेढे सैल घालावेत व मग आवळावेत. शेवटीं तीनचार गांठी मारून त्यांवर नखांना लावावयाच्या रोगणाचा थेंब सोडावा. शेपटी लांब झाली तर कात्री लावूं नये. टोंकें नखांनीं चिमटून तोडावींत.

इतकें कळूनहि मीं चूक केली. एकेका गळावर मीं चार चार पिसें चढविलीं. हातांत तो गळ मोठा देखणा दिसे. पाण्यांत मात्र चिंधीच्या बोळ्यासारखा पडे. महिनाभर एकहि मासा लागला नाहीं. एके दिवशीं जाळें वाळवीत असलेला एक कोळी जवळ आला. तो माझाच जुना विद्यार्थी. हिशेबांत वारंवार चुके, म्हणून मीं त्याला भर वर्गांत ‘मठ्ठ’ म्हटलें होतें. पुढें त्यानें शाळाच सोडली. त्यानें माझा गळ तांब्यांतल्या पाण्यांत बुडविला व म्हणाला, “गुरुजी, सुका बघूं नका, पाण्यांत बघा.” मग त्यानें तीन पिसें काढून टाकलीं. उरलेल्या एकाच पिसाचे तंतु पाण्यांत उघडूं मिटूं लागले, जणूं कोळंबीच पाय हलवीत होती.

आठवड्याच्या आंत पहिली तांबोशी लागली. ती मीं त्याच्या घरीं नेऊन दिली आणि त्या जुन्या शब्दाबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, “शब्द ध्यानांत आहे, गुरुजी, राग नाहीं.” मला उत्तर सुचलें नाहीं.

तेव्हां नवशिक्यांनो, पीस थोडें घ्या आणि प्रत्येक गळ आधीं पेलाभर पाण्यांत पारखा. शिसें विषारी आहे. काम संपतांच हात धुवा. तुटलेली दोरी कांठावर टाकूं नका, तींत पांखरांचे पाय अडकतात. आणि पाण्यांत पाहिल्यावांचून कोणत्याहि गळाला, किंवा मुलाला, नांवें ठेवूं नका.