शनिवारचे दोन तास

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘नोकरीपलीकडे’. मी वीस-बावीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. दर शनिवारी सकाळी दोन तास काही मुलींना ऑनलाइन शिकवते आणि महिन्यातून एकदा नगरला येऊन त्यांना प्रत्यक्ष भेटते. हे ग्रुपवर कळलं तेव्हा कुणीतरी त्याला ‘निःस्वार्थ सेवा’ म्हटलं आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. म्हणून आधी त्या शब्दाबद्दल बोलते.

निःस्वार्थ म्हटलं की आपल्यासमोर घरदार सोडलेला माणूस उभा राहतो. मी काहीच सोडलेलं नाही. घराचे हप्ते आहेत, मुलगा दहावीला आहे, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं आहे. आज इथं बसलेल्या बहुतेकांची अवस्था अशीच असेल. तेव्हा प्रश्न असा, की संसारात पूर्ण अडकलेल्या माणसाला दुसऱ्यासाठी जगता येतं का? मला ‘येतं’ असं वाटतं, आणि हे मी माझ्या घरात आणि माझ्या श्रद्धेत शिकले.

माझी आजी भाकरीचं पीठ परातीत घ्यायच्या आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. डबा भरला की तो ज्या घरी गरज असेल तिथं जायचा. स्वयंपाक झाल्यावर उरलं तर द्यायचं, अशी ती मूठ नव्हती. आधी ती मूठ निघायची, मग आमच्या भाकरी. तुमच्यापैकी काही जण आमच्या चर्चमधल्या हंगामाच्या सणाला लिलावाची मजा बघायला यायचात, आठवतंय? मंडळी ज्वारी, अंडी, कोंबड्या, भोपळे आणायची. उपासना झाली की लिलाव. एकानं बोली लावून भोपळा घेतला की तो पुन्हा टेबलावर ठेवायचा, मग दुसरा घ्यायचा. एकच भोपळा चार वेळा विकला जायचा आणि शेवटी कुणाच्या तरी घरी त्याची भाजी व्हायची. दानाला रडका चेहरा लागत नाही, हे मला तिथं कळलं.

शनिवारचे दोन तास ही माझी मूठ आहे. आठवड्याची कामं लावताना ते आधी बाजूला काढते. उरलेल्या वेळात करू म्हटलं असतं, तर वेळ कधीच उरला नसता.

येशूनं सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. रस्त्यात लुटारूंनी एका माणसाला मारून टाकून दिलेलं असतं. एक याजक आणि एक लेवी, दोघंही धर्मकार्यातले, बाजूनं निघून जातात. ज्याला ते लोक तुच्छ मानायचे असा एक शोमरोनी थांबतो. लहानपणी या गोष्टीत मला त्याची दया दिसायची. आता इंजिनिअरच्या डोळ्यांनी वाचताना त्याची कामाची पद्धतही दिसते. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असं सांगून आपल्या वाटेला लागतो. त्यानं आपला प्रवास रद्द केला नाही. जखमी माणसाचा आयुष्यभराचा मालकही झाला नाही. आपल्याला जमेल तेवढं पूर्ण केलं, पुढचं काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवलं, आणि परत येण्याचा शब्द दिला. मला यात सेवेचा सगळा नकाशा दिसतो.

आता आपल्याच भागातलं उदाहरण देते. नगरहून पुण्याला रेल्वेनं जाताना दौंडच्या पुढं केडगाव स्टेशन लागतं. आपल्या नगरला चिकटून असलेलं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला त्यांची सोय केली. पण नुसतं पोसलं नाही. तिथं शेती होती, दूधदुभतं होतं, विणकाम होतं, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं आणि १९२२ मध्ये त्या गेल्या त्याआधी ते काम पुरं केलं. त्याचे खिळे जुळवायचं काम तिथल्या बायकांनी केलं.

थोडा विचार करा. दुष्काळात आईबाप गेलेली, अक्षरओळख नसलेली मुलगी. काही वर्षांत ती उलटी अक्षरं हातानं जुळवून छपाईचं पान तयार करते. आम्ही लोक कोडमधला एक स्वल्पविराम चुकला तरी स्क्रीन लाल करून दाखवणाऱ्या यंत्रावर काम करतो. त्या बायकांच्या हाताखाली असं काही नव्हतं. त्यांच्या बोटांवर कुणीतरी विश्वास टाकला होता. जिला वाचवलं तिच्याच हातात यंत्र देणं, याला मी मेंटरिंग म्हणते.

रमाबाईंचं नाव घेतलं की एक अवघड गोष्टही बोलायला हवी, आणि मित्रांमध्ये ती बोलता येते. शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती. तो प्रश्न अजून संपलेला नाही. ख्रिस्ती बाई मुलींना फुकट शिकवते म्हटल्यावर ‘यात हिचा काय हेतू?’ असा प्रश्न मलाही विचारला गेला आहे, एका मुलीच्या वडिलांकडूनच. मला राग आला नाही. बापानं विचारायलाच हवं. मी म्हटलं, ‘भाऊ, तुम्ही वर्गाला बसा.’ ते दोन शनिवार बसले, तिसऱ्या शनिवारी म्हणाले, ‘मला काही कळत नाही, पण चालू द्या.’

माझा नियम साधा आहे. मी हे का करते असं कुणी विचारलं तर येशूचं नाव लपवत नाही. कुणी विचारलं नाही तर विषय काढत नाही. शिकवण्याच्या बदल्यात मला मुलीकडून श्रद्धा, आभार, फोटो यांतलं काहीही नको. बदल्यात काही मागितलं की तो व्यवहार झाला, मग मागणी कितीही पवित्र असो.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगते, कारण बाहेरून वाटतं की आम्ही दोन तास कोडिंग करतो. पहिले कित्येक शनिवार कागदपत्रांतच जातात. दहावीनंतर अकरावी की पॉलिटेक्निक? डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे अनेक घरांत ठाऊकच नसतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी. यातला एक कागद मुदतीत दिला नाही, तर राखीव जागेवरचा हक्क जातो आणि मुलगी खुल्या गटात मोजली जाते. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. योजना आहे, पोर्टल आहे, पण घरी अर्ज वाचून समजावणारं माणूस नाही. मुली बुद्धीमुळे मागे राहत नाहीत, बऱ्याचदा एका दाखल्यामुळे राहतात.

कागद झाले की मग कोडिंग. तिथं मी एक पथ्य पाळते, कीबोर्डला हात लावत नाही. एरर आली की मुलगी माझ्याकडे बघते. मी म्हणते, मोठ्यानं वाच. ती इंग्रजी वाक्य अडखळत वाचते. मग म्हणते, आता मराठीत सांग ते काय म्हणतंय. निम्म्या वेळा सांगतासांगताच तिला उत्तर सापडतं. मी दोन मिनिटांत सोडवलं असतं, तिला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास शांत बसणं हा माझ्या आठवड्यातला सगळ्यात कठीण भाग असतो. आपल्या गणिताच्या बाई आठवा. फळ्यावर अडलेल्या मुलाच्या हातातला खडू त्यांनी कधी काढून घेतला नाही. मागं उभ्या राहायच्या. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते, मी जे करते ते तुमचंच बघून करते.

माझ्याकडच्या पहिल्या मुलींपैकी एक आता बंगळुरूला नोकरी करते. वर्षभर तिचा फोन नाही. कुणी म्हणालं, ‘बघ, कामापुरत्या असतात.’ मला तसं वाटत नाही. अडली असती तर तिनं फोन केला असता. शिवाय मला दुसरीकडूनच कळलं की ती रविवारी संध्याकाळी तिच्या मावसबहिणीला आणि बहिणीच्या दोन मैत्रिणींना शिकवते. भोपळा पुन्हा टेबलावर आला! माझं नाव त्यात कुठं नाही, आणि असायची गरजही नाही.

देण्याबद्दल इतकं बोलले, घेण्याबद्दलही बोलायला हवं. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला, तेव्हा पेत्र संकोचला. पाय धुणं त्याला जमलं असतं, धुऊन घेणं जड गेलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे वडील इथं नगरमध्ये आजारी होते आणि मी पुण्यात पॉझिटिव्ह होऊन एका खोलीत बंद होते. तेव्हा ऑक्सिजनचं सिलिंडर रात्री दीड वाजता घरी पोहोचवणारा आपल्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. रोज डबा देणारी आपल्याच वर्गातली, तिचा तेव्हा रोजा चालू होता. स्वतः दिवसभर उपाशी राहून ती माझ्या आईला जेवू घालत होती. वडील वाचले. आज सकाळी त्यांनीच मला विचारलं, ‘ती पोरं येणार आहेत का गं?’ दोघंही इथं आहेत. त्यांना नाव घेतलेलं आवडणार नाही, म्हणून घेत नाही. माझ्या श्रद्धेनं मला शेजाऱ्यावर प्रेम करायला शिकवलं. पण शेजारी कसा असतो हे मी तुमच्यात पाहिलं, आणि ते करताना तुमच्यापैकी कुणी माझा धर्म विचारला नाही.

आता कामाचं बोलते. शाळेला काय द्यायचं यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा चालली आहे. कमान, पाण्याची टाकी की बाकं. जे ठरेल त्याची माझी वर्गणी आजच देते. पण त्याच्या जोडीला आणखी एक मागणं आहे. आपल्यात एक जण तहसील कार्यालयात आहे, त्याच्याइतकं दाखल्यांबद्दल कुणाला कळतं? एकाचं एमआयडीसीत वर्कशॉप आहे, एक सिव्हिलमध्ये सिस्टर आहे, दोघी बँकेत आहेत, चौघांची शेती ठिबकवर आहे. नववी-दहावीच्या मुलांना ही माणसं पुस्तकात भेटत नाहीत. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर एक वर्ग उघडा ठेवायला ते तयार आहेत. पालकांची संमती घ्यायची, वर्गात शाळेचे एक शिक्षक असायचे, आणि आपल्यापैकी एकानं पाळीनं यायचं. आपण चाळीस जण आहोत. प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून जेमतेम एक शनिवार येतो. ज्यांना जास्त जमेल त्यांनी एकेका मुलाची किंवा मुलीची वर्षभराची जबाबदारी घ्यावी.

शब्द दिला तर मात्र पाळायचा. मुलं वाट बघतात. न येणाऱ्या पाहुण्यापेक्षा ‘मला जमणार नाही’ म्हणणारा माणूस बरा.

चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. त्यात नाव, जमणारा शनिवार आणि आपल्याला काय शिकवता येईल हे लिहा. ‘मला काही येत नाही’ असं लिहायला जागा ठेवलेली नाही. पहिल्या ओळीवर माझं नाव आहे, दुसरी रिकामी आहे.