पिशवीबरोबर अंडाशयही काढायचे का?

अंबरनाथ, बदलापूरच्या मैत्रिणींनो, पाळी जायच्या वयात गाठींमुळे रक्तस्राव वाढतो आणि डॉक्टर पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला सांगतात. मग पुढचा प्रश्न येतो, "आता उपयोग नाही, अंडाशयही काढून टाकूया का?"

उपयोग नाही, असे नसते. पाळी थांबेपर्यंत अंडाशय इस्ट्रोजेन देत असतात; नंतरही काही संप्रेरके तिथे तयार होतातच. अंडाशय एका दिवसात काढले, तर वर्षानुवर्षे हळूहळू होणारा बदल अचानक होतो. अंगातून वाफा, झोपमोड, शिवाय हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका. पंचेचाळिशीच्या आत तर हा धोका जास्तच.

मात्र आई, बहीण, मावशीला अंडाशयाचा किंवा तरुणपणी स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर गोष्ट वेगळी. या कर्करोगांशी संबंधित बीआरसीए जनुकात दोष सापडला, तर अपत्ये झाल्यावर अंडाशय व बीजवाहिन्या काढणे जीव वाचवू शकते. परळच्या टाटा रुग्णालयात याबद्दल सल्ला मिळतो.

शस्त्रक्रिया खरोखर गरजेची आहे ना, हेही पाहायला हवे. बीडच्या ऊसतोड कामगार महिलांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याच्या तक्रारींवर राज्य सरकारने 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ते आठवले की आजही मन अस्वस्थ होते.

म्हणून संमतीपत्र वाचूनच सही करा. त्यात फक्त गर्भाशय लिहिले आहे, की "दोन्ही अंडाशयांसह"? सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणखी एक मत घ्या. कर्करोगाची शंका नसेल आणि रक्तस्राव आटोक्यात असेल, तर त्यासाठी थोडे दिवस थांबता येते.