मूल, अग्निबाण आणि मोजपट्टी



आपल्याला अग्निबाण तयार करून उडवावयाचा आहे, असे एखाद्या मुलाने घरात जाहीर केले, की पालकांना बहुधा दोनच मार्ग दिसतात : नकार देणे किंवा डोळेझाक करणे. नकार मिळालेली जिज्ञासा गच्चीवर चोरून वाढू लागते. डोळेझाकीचे मोल बोटांनी, प्रसंगी डोळ्यांनी मोजावे लागते. या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे. तो ज्याने दाखविला तो गृहस्थ कोणी शास्त्रज्ञ नव्हता. पादत्राणांचे दुकान चालविणारा एक हौशी माणूस होता.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएट संघाने स्पुटनिक अंतराळात सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. धातूच्या नळ्यांत घरी कालविलेले स्फोटक मिश्रण ठासून ती पेटविण्याचे प्रयोग ठिकठिकाणी सुरू झाले. नळी फुटली, की तिचे तुकडे बंदुकीच्या गोळ्यांप्रमाणे सुटत. कित्येक मुले जखमी झाली, काही प्राणासही मुकली.

या संकटावरील उपाय त्यापूर्वीच सापडलेला होता. नेब्रास्का राज्यातील नॉर्फोक या गावच्या ऑर्व्हिल कार्लाइल यांना शोभेच्या दारूकामाचा छंद होता, तर त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा. १९५४ मध्ये या दोन छंदांच्या मिलाफातून एक छोटा अग्निबाण जन्मास आला. त्याचे अंग कागदी नळीचे आणि पंख हलक्या बालसा लाकडाचे होते. आतील इंधनाची नळकांडी दर उड्डाणानंतर बदलता येई आणि अग्निबाण छत्रीच्या आधाराने अलगद खाली उतरे. १९५७ च्या प्रारंभी कार्लाइल यांनी तो हॅरी स्टाइन यांच्याकडे धाडला. स्टाइन हे व्हाइट सँड्स येथील क्षेपणास्त्र-केंद्रात काम करीत. या वस्तूचे मोल त्यांनी तत्काळ ओळखले.

ते मोल कशात होते? धोक्याचा भाग आणि शिकण्याचा भाग येथे एकमेकांपासून वेगळे केलेले होते. इंधन जाणत्या हातांनी, कारखान्यात तयार करावयाचे. उरलेले सर्व, म्हणजे आकार, वजन, तोल आणि मोजमाप, मुलाच्या स्वाधीन करावयाचे.

अशी तयार नळकांडी जेथे सहज मिळत नाहीत, तेथे हेच तत्त्व पाण्याच्या साहाय्याने पाळता येते. शीतपेयाची प्लॅस्टिकची एक बाटली घ्यावी. तिचा सुमारे एकतृतीयांश भाग पाण्याने भरावा. तोंडाला व्हॉल्व्ह बसविलेले रबरी बूच घट्ट लावावे आणि बाटली उलटी उभी करून सायकलच्या पंपाने आत हवा भरावी. दाबलेली हवा ही दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखी असते. खटका सुटताच ती पाण्याला खाली ढकलते आणि पाणी बाटलीला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम पुस्तकाबाहेर येऊन अंगावर तुषार उडवितो.

पण मुलाचा खरा अभ्यास येथून पुढे आहे. पुठ्ठ्याचे पंख मागे चिकटवावेत, टोकाला थोडी चिकणमाती लावावी आणि रिकामी बाटली जेथे समतोल राहते तेथे दोरी बांधून ती डोक्याभोवती फिरवावी. टोक सतत पुढे राहिले तर बाण सरळ जाईल. ती गटांगळ्या खाऊ लागली तर टोक जड करावे किंवा पंख मोठे करावेत. नंतर पाण्याचे प्रमाण बदलून पाहावे, परंतु दाब मात्र तोच ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, ही शिस्त मुलाला या खेळात आपोआप लागते.

उंची मोजण्यास कोनमापक आणि ओळंबा पुरेसा आहे. तळापासून ३० मीटर अंतरावर उभे राहून पाहिले असता शिखर ४५ अंशांवर दिसले, तर उंची ३० मीटर आणि त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. कोन निराळा आला तर वहीत प्रमाणात त्रिकोण काढावा. त्रिकोणमिती येण्याची वाट पाहू नये.

लहान आकाराला कमी लेखण्याचे कारण नाही. एप्रिल १९५५ मध्ये टोकियोनजीक कोकुबुंजी येथे हिदेओ इतोकावा यांनी अवघ्या २३ सेंटिमीटर लांबीचे अग्निबाण आडवे सोडून, वाटेतील कागदी पडदे भेदले जाताना त्यांचा वेग मोजला. भारताच्या ‘रोहिणी’ मालेतील पहिला अग्निबाण १९६७ मध्ये थुंबा येथून उडाला, तोही केवळ ७५ मिलिमीटर व्यासाचा होता.

काही पथ्ये मात्र अटळ आहेत. धातूचे वा काचेचे भांडे कधीही वापरू नये. ओरखडे पडलेली बाटली टाकून द्यावी. दाब भरलेल्या बाटलीवर कोणीही वाकू नये आणि खटका लांब दोरीनेच ओढावा. जागा मोकळे मैदानच हवी. उलटी गणती चालू असताना ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार उपस्थितांपैकी प्रत्येकाला, अगदी धाकट्या भावंडालाही, असावा. हा शब्द उच्चारला जाताच वडीलधाऱ्यांनीही दोरी खाली ठेवली पाहिजे. मैदानात एखादी गाय शिरली म्हणून उड्डाण पुढे ढकलताना मूल हिरमुसेल. पण उड्डाण पुढे ढकलणे म्हणजे पराभव नव्हे, हे त्याला त्याच दिवशी कळेल.

पालकांनी आणि शिक्षकांनी एवढेच करावे : दोरी मुलाच्या हाती द्यावी, आणि वहीही त्याच्याच हाती द्यावी.